आग लागली नाही

त्या गाडीविषयी कोणी विचारलं की मी आधी चिडतो आणि मग सांगतो. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी असतात, आता कामाधंद्याला लागलेले. "सर, तुम्ही खरंच चालवली होती ती? पॅडल-गियरवाली? आपल्या दिग्रसमध्ये?" बोलताना त्यांचे डोळे लकाकतात. मला राग येतो तो त्या लकाकीचा. ती माझ्या चांगल्याच ओळखीची आहे.

तेव्हा मी शिक्षक नव्हतो. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, बी.एड.ला नंबर लागत नव्हता आणि दिग्रसच्या एका जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, मी जीप चालवत होतो. मालकाला, म्हणजे बड्या शेठला, गावोगाव न्यायचं, मुनिमाला बँकेत सोडायचं, कधी पुसदहून मशीनचा सुटा भाग आणायचा. नोकरी बाबांमुळे मिळाली. बाबा त्याच जिनिंगच्या गेटावर चौकीदार होते, मला आठवतं तेव्हापासून.

आमच्या जिल्ह्याचं नाव त्या वर्षांत दिल्लीच्या पेपरात छापून यायचं. का, ते मी सांगत बसत नाही. सगळ्यांना पाठ आहे. पांढऱ्या गाड्या यायच्या, त्यांतून कॅमेरे उतरायचे, घाटंजीकडे, नेरकडे जायचे. अशा तिघांना बड्या शेठच्या सांगण्यावरून मी एकदा जीपमधून नेलं. त्यांनी एका बाईला नवरा कसा गेला ते दोनदा सांगायला लावलं, कारण पहिल्या वेळी मागून कोंबडा आरवला. परतताना विचारलं, इकडे मटण कुठे चांगलं मिळतं. मी ढाबा दाखवला आणि जीपमध्येच बसून राहिलो. त्याच वर्षी आमच्या छोट्या शेठने, म्हणजे बड्या शेठच्या मुलाने, स्पोर्ट्‌स कार आणली.

पण आधी बाबांचं काम सांगितलं पाहिजे. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या असतात, घराएवढे उंच ढीग, आणि हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. एक ठिणगी पुरते. कापूस लगेच भडकतोच असं नाही. आतल्या आत धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडूनच जाळ बाहेर येतो. बाबा तरुणपणी हमाल होते तेव्हा दुसऱ्या एका जिनिंगमध्ये अशी आग त्यांनी पाहिली होती. मालकाच्या गंजीला विमा होता. वजनकाट्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बंड्यांना, कापसाच्या बैलगाड्यांना, नव्हता. वजन होईपर्यंत कापूस आणणाऱ्याचाच असतो. जू सोडेपर्यंत एका म्हाताऱ्याचा एक बैल होरपळला. त्या बैलाविषयी बाबा कधी बोलले नाहीत, पण गेटावर कोणी हुज्जत घातली की त्यांचा आवाज एकदम बारीक व्हायचा.

तर आत जाणाऱ्या प्रत्येकाची बिडी, सिगारेट, माचीस काढून घ्यायची, आपल्या टिनाच्या शेडमधल्या फळीवर ठेवायची आणि बाहेर येताना ज्याची त्याला परत द्यायची, हे बाबांचं काम. पावती नाही, चिठ्ठी नाही. कुणाची कोणती माचीस हे त्यांना तोंडपाठ असायचं. आणि सूट कुणालाही नव्हती. पाटील आले तर पाटलांनी खिसे उलटे करून दाखवायचे. बड्या शेठचे व्याही आले तेव्हा त्यांचा चकचकीत लायटर बाबांनी हमालांच्या बिड्यांच्या शेजारी ठेवला. आमच्या वस्तीतल्या माणसाने पाटलाला "खिसा दाखवा" म्हणावं आणि पाटलाने मुकाट दाखवावा, अशी जागा अख्ख्या तालुक्यात मला दुसरी माहीत नाही. बाबा हे बोलून दाखवायचे नाहीत. माय दाखवायची. "तुह्या आज्यानं पाटलाच्या दारातून जाताना चपला हातात घेतल्या," ती म्हणायची, "अन् तुह्या बापापुढं पाटील खिसा झटकते."

देवालाही सूट नव्हती. दरवर्षी खरेदीच्या मुहूर्ताला पहिल्या बंडीची पूजा व्हायची; बैलांना कुंकू, बंडीवाल्याला शेला आणि नारळ. ही पूजा गेटाबाहेर, रस्त्यावर व्हायची. आरती झाली की दिवा बाहेरच ठेवायचा, उदबत्ती पाण्यात विझवायची आणि मग बंडी आत न्यायची. ही रीत बाबांनी पाडली होती. बड्या शेठच्या बायकोला पहिल्या वर्षी ते लागलं होतं. बाबा तिला म्हणाले होते, "बाईसाहेब, देवाले समजते." पुढे तिनेच पूजेच्या ताटात पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली.

छोटा शेठ माझ्याच वयाचा. पुण्याला शिकायला होता, मग मुंबईत काहीतरी करत होता. काय, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. मुंबईतल्याच कुणाकडून त्याने ती गाडी घेतली. ट्रकवर चढून गाडी येते हे गावाने पहिल्यांदा पाहिलं. लिंबासारखी पिवळी, जेमतेम कमरेएवढी उंच, आणि आत बसायचं तर जवळजवळ आडवं व्हावं लागायचं. मागच्या हंगामात हमालांनी मजुरी वाढवून मागितली तेव्हा बडा शेठ म्हणाला होता, "बाजार पाहून राह्यले न तुम्ही? कोठून देऊ?" तेच हमाल आता ट्रकला फळ्या लावून गाडी उतरवत होते, आणि "हळू रे, हळू, घासन" असं एकमेकांना सांगत होते. मीही सांगत होतो.

पंधरा दिवस त्याने ती स्वतः चालवली आणि गावातल्या एकूण एक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं. सोळाव्या दिवशी तो न्हाणीघरात घसरला आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर. मुहूर्ताला महिना राहिला होता आणि मुहूर्ताच्या दिवशी गाडीतून जिनिंगवर उतरायचं हे त्याने मुंबईच्या मित्रांना सांगून ठेवलं होतं. त्याने मला बंगल्यावर बोलावलं. "तुला शिकवतो," म्हणाला. "पण एक ओरखडा जरी आला न, तर पाहून घेजो."

दारव्ह्याच्या रस्त्यावर एक सरळ पट्टा आहे. तिथे रोज सकाळी सात वाजता माझी शिकवणी सुरू झाली.

"क्लच नाही," तो शेजारी बसून सांगायचा. "गियरचा दांडा नाही. स्टेअरिंगच्या मागं हे दोन पॅडल आहेत. उजवं ओढलं का गियर वर, डावं ओढलं का खाली. दोन्ही एकदम ओढले का न्यूट्रल. समजलं? शाळेतल्या पोराले समजते."

शाळेतल्या पोराला समजत असेल. माझा डावा हात जीपच्या दांड्यावर मुरलेला होता. त्या जीपमध्ये तिसरा गियर टाकायला बुक्की मारावी लागायची. गाडीने वेग घेतला, इंजिन ओरडायला लागलं, आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला आणि पूर्ण ताकदीने छोट्या शेठच्या प्लास्टरवर बसला. तो असा किंचाळला की शेतातल्या बायका निंदण सोडून उभ्या राहिल्या. मी घाबरलो आणि क्लच दाबायला डावा पाय हाणला. क्लच नव्हताच; तिथे रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली आणि छोट्या शेठचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं.

"गधा!" तो ओरडला. "अबे, डावा पाय काढून घरी ठेव! ग्रॅज्युएट म्हने! कोनं केलं तुले ग्रॅज्युएट?"

दुसऱ्या दिवशी त्याने एक पंचा आणला आणि माझा डावा पाय सीटखालच्या दांड्याला बांधला. खरंच बांधला. शिकाऊ बैलाला बांधतात तसा. मीच पाय पुढे केला आणि गाठ मारायला त्याला एका हाताने जमेना, म्हणून गाठही मीच मारली. शेतातल्या बायका हसल्या. आज हे लिहितानाही माझे कान तापतात, पण त्या सकाळी मात्र माझं सगळं लक्ष उजव्या पॅडलवर होतं.

कारण मला ती गाडी आवडायला लागली होती. हे लपवून ठेवलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. उजव्या हाताची दोन बोटं नुसती आपल्याकडे ओढायची, चिमटीने पोळी उचलावी इतकी, आणि पाठीत धक्का बसून रस्ता अंगावर यायचा. आधी बोट ओढताना पायही दाबून धरायचो, मग गाडी हिसका द्यायची. आठवड्यात कळलं की बोट ओढताना पाय किंचित सैल सोडायचा, आणि लगेच दाबायचा. मग गियर कधी पडला ते कळत नव्हतं. छोट्या शेठला ते कधी जमलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते दिसायचं आणि मी मुद्दाम आणखी सफाईने करायचो. दहाव्या दिवशी मीच पंचा सोडून टाकला. जीपमध्ये मी शेठचा ड्रायव्हर होतो. त्या गाडीत तो माझ्या शेजारी बसलेला एक प्लास्टरवाला माणूस होता. मला वाटायला लागलं की गाडी माझी आहे, त्याने फक्त तिचे पैसे भरलेत. इतका मी मूर्ख होतो.

एका सकाळी, दिवस उजाडायच्या आत निघालो होतो तेव्हा, मला आरशात मागे जाळ दिसला. मी दचकून गाडी थांबवली. छोटा शेठ हसून हसून बेजार झाला.

"पाह्यलं? फटाके! हेच तर शिकवाचं राह्यलं होतं तुले."

इंजिन पार किंचाळेपर्यंत चढवायचं, पाय एकदम काढायचा आणि त्याच क्षणी डावं पॅडल ओढायचं. मग मागच्या नळ्यांतून फट्‌ फट्‌ फट्‌ असा आवाज येतो आणि आवाजाबरोबर टीचभर जाळ. शेठने ते माझ्याकडून दहा-बारा वेळा करून घेतलं. दर वेळी स्वतः खाली उतरून मागे उभा राहिला आणि डाव्या हाताने मोबाइलवर शूटिंग केलं. मुहूर्ताला हेच करायचं, म्हणाला, मस्त एंट्री होईल.

रात्री जेवताना मीच बाबांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. फुशारकीने, भाकरीचा तुकडा मोडत मोडत, हाताने जाळ किती लांब येतो ते दाखवत सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"जाळ निघते?"

"टीचभरच बाबा. दिसते न दिसते तोच जाते."

"मंग ते गाडी गेटाच्या आत नाही आनायची."

"छोट्या शेठनं म्हटलं तर?"

"छोट्या शेठले मी सांगीन. तू फक्त आनू नको."

"हो," मी म्हणालो. माय ऐकत होती. मी स्पष्ट "हो" म्हणालो होतो.

मुहूर्ताचा दिवस आला. खरेदी तशी आठ दिवस आधीपासून आतल्या आत चालूच होती, मुहूर्त नावाचा. त्यामुळे आवारात एक मोठी गंजी उभी होती आणि काट्यासमोर वीसेक भरलेल्या बंड्या आत घेतलेल्या होत्या. गेटाबाहेर आणखी बंड्यांची रांग पार बसस्टँडच्या वळणापर्यंत गेली होती. भाव काय फुटतो याची लोक वाट बघत होते. कुणी रात्रीपासून तिथेच होते, बैलांना कडबा टाकून बंडीखाली झोपलेले.

त्या रांगेच्या कडेकडेने मी ती पिवळी गाडी आणली. पहिल्या गियरमध्ये, सांभाळून, कारण रस्त्याला खड्डे होते. बंड्यांवर बसलेली माणसं वरून खाली आमच्याकडे बघत होती. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकाने हसून हात केला आणि छोट्या शेठने काच खाली करून प्लास्टरचा हात हलवला. मी त्या माणसांकडे बघितलं नाही. मी वेगाच्या काट्याकडे बघत होतो.

गेटाशी आरती नुकतीच झाली होती. दिवा बाहेरच्या ओट्यावर जळत होता, उदबत्त्या वाटीतल्या पाण्यात विझल्या होत्या. पहिल्या बंडीवाल्याच्या खांद्यावर नवा शेला होता. बडा शेठ हातात नारळ घेऊन उभा होता, आणि शेजारी मार्केटातले लोक, दोन-तीन पुढारी, मुनीम. बाबांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. बंडी आत गेली. तिच्यामागे मी गाडी लावली, तसे बाबा गेटाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

छोट्या शेठने काच खाली केली. "मामा, बाजूले व्हा."

सगळे बाबांना मामाच म्हणायचे. बाबा त्याच्या बाजूला आले नाहीत. जिथे होते तिथूनच म्हणाले, "शेठ, गाडी इथंच राहू द्या. मागून जाळ निघते तिच्या."

"अरे, कंपनीची गाडी आहे, मामा. काही होत नाही."

"देवाचा दिवा बी आपन आत नेत नाही."

आवाज बारीक झाला होता. मी तो ओळखत होतो. छोट्या शेठने वडिलांकडे पाहिलं. बाबांनीही बड्या शेठकडे पाहिलं. बड्या शेठने नारळाची शेंडी सोलायला घेतली. तीस वर्षं त्याची जिनिंग ज्याच्या डोळ्यांखाली सुरक्षित राहिली त्या माणसाकडे त्याला मान वर करून बघता आलं नाही. इतके लोक जमले होते, मुलाचा मान राखायचा होता, मुंबईचे दोन मित्रही आले होते. मला त्याचा जेवढा राग येतो तेवढा छोट्याचा येत नाही. छोटा तर उघड मूर्ख होता.

"चल," छोटा शेठ मला म्हणाला. "टाक गियर."

आता बाबा माझ्याकडे बघत होते. छोट्याकडे नाही, बड्या शेठकडे नाही, काचेतून सरळ माझ्याकडे. मला काय काय करता आलं असतं ते मला गेली कित्येक वर्षं पाठ आहे. थांबताना गाडी न्यूट्रल केली होती, ती तशीच ठेवता आली असती. चावी फिरवता आली असती. दार उघडून बाहेर पडता आलं असतं. त्या गाडीतून उठायला वेळ लागायचा, पण उठता आलं असतं. निदान "शेठ, राहू द्या" एवढं तोंडाने म्हणता आलं असतं. माझी नोकरी गेली असती. दोघांची गेली असती कदाचित. हे सगळं मी नंतर मनाला सांगितलं. त्या वेळी माझ्या मनात नोकरीबिकरी काही नव्हती. त्या वेळी मला एवढंच वाटलं की इतक्या लोकांपुढे आपला बाप आपल्याला अडवतो आहे, आणि त्याला या गाडीतलं काही कळत नाही. मला बाबांचा राग आला होता.

मी उजवं पॅडल ओढलं.

गाडी हळूच पुढे सरकली. बाबा लगेच हलले नाहीत. गाडीचं नाक इतकं खाली होतं की त्यांच्या पायांपाशी आल्यावर मला त्यांचे पाय दिसेनासे झाले. वर खाकी शर्ट आणि चेहरा तेवढा दिसत होता. मग तो शर्ट बाजूला झाला. त्यांनी गेटाला हात लावला नाही. गेट उघडंच होतं.

आवारात शिरल्यावर छोटा शेठ म्हणाला, "हां, आता फटाके." मी गंजीपासून लांब होतो, असं मी पुढे कैक वर्षं लोकांना सांगत आलो. फार लांब नव्हतो. मी इंजिन चढवलं, पाय काढला, डावं पॅडल ओढलं. भिंतींच्या आत तो आवाज रस्त्यापेक्षा दसपट झाला. गंजीवर उभे असलेले दोन हमाल उड्या मारून खाली आले. काट्यासमोरचे बैल उधळले, एका बंडीचं चाक दुसरीत अडकलं, आणि एक बाई "माय वं!" म्हणून ओरडली. आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण वाजवल्या. मुंबईचे मित्र शिट्ट्या मारत होते. "आणखी एकदा," छोटा शेठ म्हणाला, आणि मी आणखी एकदा केलं.

आग लागली नाही.

हेच मला सहन होत नाही. त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुढे कितीतरी वेळा लोक मला हेच म्हणाले: झालं का काही? नाही झालं न? मुनीम म्हणाला, मित्र म्हणाले, बडा शेठही जीपमध्ये मागे बसून म्हणाला, "तुझा बाप उगा घाबरते. काही झालं का?" जसं काही आग लागली नाही म्हणजे कुणाचं काहीच जळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखे बाबा गेटावर बसले. मी जीप घेऊन तिथेच उभा होतो, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पहिला बंडीवाला आला. साधा माणूस, घाटंजीकडचा. बाबांनी हात पुढे केला. त्याने खिशातून बिडीचा कट्टा काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला.

"कायले मामा?" तो म्हणाला. उद्धटपणे नाही, हसत. "काल तर तुमचा पोरगा जाळ घेऊन आत गेला. मी बिडी पेटवून थोडीच राह्यलो."

मागचे हसले. त्याच्या मागच्याने माचीस दिली नाही. त्याच्या मागच्याने दिली, पण पुढच्या दोघांकडे बघून "मीच येडा का?" म्हणून परत मागितली. मग पाटील आले. बाबांनी त्यांच्याकडे हात पुढेच केला नाही. पाटील क्षणभर थांबले, सवयीने खिशाशी हात गेला होता त्यांचा. मग तसेच आत गेले.

दहा वाजता बाबा उठले. फळीवर होत्या तेवढ्या माचिसा ज्याच्या त्याला आत जाऊन नेऊन दिल्या, एकही चुकली नाही. मुनिमाला काहीतरी सांगितलं आणि चालत घरी गेले. मला जीपमध्ये बसा म्हणायचंही सुचलं नाही.

दुपारी मुनीम घरी आला. बड्या शेठने बोलावलं आहे, म्हणाला, असं मनावर घेऊ नका. बाबा म्हणाले, "गेटावर बसून आता करू काय? मोजू कोन आलं अन् कोन गेलं?" मुनीम चहा पिऊन गेला. चार दिवसांनी गेटावर टोपीवाला सिक्युरिटी गार्ड आला. तो वहीत लोकांच्या सह्या घ्यायचा. बिड्या आत जायच्या.

बाबा गेटावरून उठून आले त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभं राहून बोलायला सुरुवात केली आणि मला थांबता येईना. छोट्या शेठला मी जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. हरामखोर म्हणालो, बापाच्या पैशावर माजलेला सांड म्हणालो. बड्या शेठला नेभळट म्हणालो. तीस वर्षांची किंमत यांना नाही, म्हणालो. हे लोक आपल्याला माणसंच समजत नाहीत, आपण यांना दाखवून दिलं पाहिजे, म्हणालो. माझा आवाज गल्लीत जात असावा, कारण माय दार लोटायला उठली. मला खरंच राग आला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी कोन चालवून राह्यलतं?"

रागाने नाही. किती वाजले विचारावं तसं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले. मग ते उठून आत गेले आणि मायने ताटं वाढली. आम्ही तिघं जेवलो.

बाबांनी त्यानंतर कोणाचीच नोकरी केली नाही. मी नोकरी सोडली नाही. छोट्या शेठचं प्लास्टर निघायला अजून वेळ होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बंगल्यावर गाडी पुसायला हजर होतो.